नागपूरची लेकरं, मुरूडची ओहोटी

नागपूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर शहराच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, सुमारे ३१० मीटर. बहुतेक नागपूरकरांच्या रोजच्या आयुष्यात समुद्र येतो तो एवढाच. पाण्याची वाट मात्र वेगळंच सांगते. शहरातून वाहणारी नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं तर नागपूरला जवळचा समुद्रही तोच, आंध्रच्या किनाऱ्याचा. तरी विदर्भातल्या माणसाला समुद्र म्हटलं की कोकण आठवतं, नाहीतर गोवा. आमच्या घरातही तसंच झालं. लेक चार वर्षांची व्हायची होती, धाकटा नुकता दोनाचा झालेला, आणि सासूबाईंनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. तिघांनाही एकदमच दाखवायचा असं ठरलं.

पूर्वेचा विचार आम्ही आधी केला होता. नागपूरहून पुरीला आणि विशाखापट्टणमला थेट गाड्या आहेत आणि आपल्याकडची कितीतरी कुटुंबं जगन्नाथाचं दर्शन आणि समुद्र असा बेत एकत्रच आखतात. पण पुरीचा किनारा उतरता आहे, लाट काठाशीच येऊन फुटते आणि परतताना जोरात ओढते. तिथे मोठी माणसंसुद्धा नुलियांचा, म्हणजे तिथल्या कोळी जीवरक्षकांचा हात धरून पाण्यात उतरतात. दोन वर्षांच्या मुलाला तो समुद्र लांबूनच पाहावा लागेल. आम्हाला हवा होता तो बसून खेळता येईल असा किनारा. लहान मुलांसाठी जागा निवडताना आधी वाळू पाहावी, मग पाणी. वाळू घट्ट, सपाट आणि रुंद असेल तर मुलं तासन्‌तास रमतात. लाटा कितीही देखण्या असल्या तरी दोन वर्षांच्या जिवाला त्यांचा उपयोग नाही.

त्यामुळे गणपतीपुळेही मागे पडलं. देवळाला लागून असलेला तो किनारा फार सुंदर आहे, पण पाणी लवकर खोल होतं आणि बुडण्याच्या दुर्घटना तिथे वर्षानुवर्षं घडत आल्या आहेत. देवदर्शनाला जरूर जावं, लहान मुलांना पाण्यात घालायला तिथे जाऊ नये. गोव्याचा पर्याय सोयीचा आहे हे कबूल करायला हवं. तिथल्या किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी मरीनचे जीवरक्षक असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला पट्टा सुरक्षित समजायचा हे ठरलेलं आहे. मोपाच्या विमानतळामुळे गोव्याबरोबरच सिंधुदुर्गातलं शिरोडा, वेंगुर्लाही जवळ आलं आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी नागपुरात समृद्धी महामार्गाच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन केलं आणि त्याच दिवशी मोपाचंही. आम्हाला मात्र गाव हवं होतं, वाडीतलं घर हवं होतं आणि मुलांच्या झोपेच्या वेळी शांतता हवी होती. म्हणून दापोली तालुक्यातलं मुरूड निवडलं. रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याचं ते मुरूड वेगळं; हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, महर्षी धोंडो केशव कर्वे जिथे लहानाचे मोठे झाले ते.

मे महिना सोडा

नागपूरचे लोक समुद्रावर जातात ते बहुधा मे महिन्यात, कारण शाळांना सुट्ट्या तेव्हाच असतात आणि पारा पंचेचाळिसाच्या वर गेल्यावर शहरात जीव नकोसा होतो. पण ज्यांची मुलं अजून शाळेत जात नाहीत त्यांनी मे महिना का धरावा? ही दोन-तीन वर्षं फार मोलाची आहेत. हवं तेव्हा निघता येतं, शाळेचं वेळापत्रक आड येत नाही, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना वेगळा बर्थ घेतला नाही तर रेल्वेचं तिकीटही लागत नाही.

शिवाय मेमधला कोकणचा उन्हाळा आपल्या मुलांना झेपत नाही. थर्मामीटरवर तिथे तेहतीस-चौतीसच दिसतात म्हणून आपल्याला वाटतं, हे काय, आपण तर सेहेचाळीस सोसतो. आपली लेकरं वाढतात कोरड्या हवेत. घाम येतो आणि लगेच वाळतो, त्यातूनच अंग थंड राहतं. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. मग अंगभर घामोळं, चिडचिड, रात्रभर रडणं. आपला कूलरही तिथे उपयोगाचा नाही, कारण तो चालतो तोच मुळी कोरड्या हवेच्या जोरावर. डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत मात्र किनाऱ्यावर पहाटे गारवा असतो, दुपार सोसवते आणि समुद्राचं पाणी हवेपेक्षा ऊबदार लागतं. आम्ही माघी पौर्णिमा धरून निघालो. पौर्णिमाच का, ते पुढे सांगते.

गाडीत

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूर ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे, एकूण ७०१ किलोमीटर. आठ तासांत मुंबईचं दार, असं सगळे सांगतात. मोठ्या माणसांसाठी ते खरं आहे. दोन वर्षांच्या मुलाला आठ तास बसवून ठेवणं कठीण, आणि ते बरंही नाही. शिवाय आमणेनंतर पनवेल, माणगाव करत कोकणात उतरायला निम्मा दिवस लागतो, आणि घाटातल्या वळणांवर मुलं हमखास ओकतात. मोटारीनेच जायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला किंवा नाशिकला एक मुक्काम कराच, मुलांसाठी बाळ-आसन लावा, आणि दर दीड-दोन तासांनी थांबून त्यांना पळू द्या. खाणं-पाणी घरून घ्यावं. या रस्त्यावर भूक लागल्याबरोबर ढाबा दिसेलच असं नाही.

आम्ही रेल्वे घेतली. नागपूरहून मडगावला आठवड्यातून दोनदा एक विशेष गाडी जाते. दुपारी निघते, वर्धा, अकोला, भुसावळ, नाशिक रोड, कल्याण, पनवेल करत दुसऱ्या दिवशी कोकणात शिरते आणि खेडला थांबते. विशेष गाडी असल्यामुळे तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते. निघण्याआधी ती चालू आहे ना ते पाहून घ्यावं. नसेल तर रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने किंवा दुरांतोने मुंबईकडे जाऊन पुढे कोकण रेल्वेची गाडी धरता येते. आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. लहान मुलं असतील तर खालचे दोन समोरासमोरचे बर्थ मिळाले पाहिजेत, बाकी कशाचाही आग्रह नको.

रात्रीचा प्रवास मुलांसाठी सोपा असतो, कारण अर्धी वाट झोपेतच सरते. संध्याकाळी अकोल्यापर्यंत दोघं डब्यातल्या सगळ्यांशी ओळखी करत हिंडले, भुसावळच्या आधी वरणभात खाऊन झोपले. बरोबर संत्री होती. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री बाजारात असतात, आणि प्रवासात मुलांच्या हातात द्यायला याहून चांगलं काही नाही. सोलायला वेळ लागतो, तेवढा वेळ मुलं गुंतून राहतात. सकाळी रोह्यानंतर गाडी कोकण रेल्वेच्या हद्दीत आली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतची ही ७४१ किलोमीटरची वाट १९९८ साली पूर्ण झाली. बोगदे आणि पूल यांवरच ती उभी आहे. खेडच्या अलीकडे नातूवाडीचा बोगदा आहे, चार किलोमीटरहून लांब. डब्यात अंधार झाला, आवाज घुमू लागला, तसा धाकटा आजीच्या पदरात शिरला. लेक खिडकीला नाक लावून बसली होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "आजी, रात्र झाली होती का गं?" आजी म्हणाल्या, "हो माय, एवढीशी झाली होती."

खेडहून दापोली तीसेक किलोमीटर, पुढे मुरूड दहा-बारा. दापोली डोंगरमाथ्यावर आहे, तिथून रस्ता एकदम खाली उतरतो. या उताराआधी मुलांना पोटभर खायला देऊ नका, आणि उलटीसाठी पिशवी हाताशी ठेवा.

तिथी पाहून मुक्काम

आता पौर्णिमेचं. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते हे शाळेत सगळेच शिकतात, पण आपण नागपूरची माणसं मुक्कामाच्या तारखा ठरवताना तिचा विचारच करत नाही. कोकणात, कोळीवाड्यांत, एक जुना हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. आलेल्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास, म्हणजे भर दुपारी आणि मध्यरात्री. चतुर्थीला तीनला. अष्टमीला सहाला. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडाफार फरक पडतो, जागेप्रमाणेही पडतो, पण बेत आखायला हा हिशोब पुरेसा आहे, आणि तिथी घरातल्या कालनिर्णयावर असतेच.

आता लहान मुलांचा दिवस यावर ठेवून पाहा. मुलं किनाऱ्यावर न्यायची ती सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर, कारण मधल्या उन्हात त्यांना वाळूवर ठेवणं योग्य नाही. अष्टमीच्या आसपास गेलात तर सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती असते. पाणी पार सुरूच्या झाडांकडे सरकलेलं, खेळायला उरते ती कोरडी, भुसभुशीत वाळूची अरुंद पट्टी. आणि जेव्हा किनारा मोकळा असतो तेव्हा डोक्यावर ऊन. पौर्णिमेला किंवा अमावास्येला गेलात तर नेमकं उलट. सकाळी सहा-सातला पाणी दूर गेलेलं, समोर ओली, घट्ट, सपाट वाळू. भरती येते ती दुपारी, मुलं झोपलेली असताना. संध्याकाळी पुन्हा पाणी उतरतं. पौर्णिमेच्या आदल्या दिवसापासून पंचमीपर्यंत असा सोयीचा काळ मिळतो. पंचमीला पूर्ण ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास येते, पण सात-आठला वाळू उघडी पडलेली असते.

याला एक दुसरी बाजूही आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला उधाणाची भरती म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या कमी चढउताराला भांगाची. उधाणात पाणी जितकं दूर जातं तितकंच जोराने परत येतं. मुंबईला हा चढउतार चार-साडेचार मीटरपर्यंत जातो, दक्षिणेकडे कमी होत होत गोव्याला दोन मीटरच्या आसपास राहतो. सपाट किनाऱ्यावर उंची थोडी वाढली तरी पाणी आडवं खूप पुढे सरकतं. म्हणून ओहोटीत मुलांना घेऊन फार आत चालत जाऊ नये, आणि पाणी फिरलं की आपणही फिरावं.

पहिली सकाळ

वाडीतून पायवाटेने सुरूच्या बनात आलो आणि समोर मुरूडचा किनारा उघडला. उत्तरेला हर्णैच्या बाजूला सुवर्णदुर्ग दिसतो, दक्षिणेला कर्द्याकडे किनारा वळतो. सासूबाई काही वेळ नुसत्या उभ्या राहिल्या, मग त्यांनी चपला काढून हात जोडले. लेकीने समुद्राकडे पाहून विचारलं, "फुटाळ्यापेक्षा मोठा आहे?" तिने आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी फुटाळा तलावाचं. धाकटा मात्र कडेवरून उतरायलाच तयार नव्हता. लाटेच्या आवाजाला तो घाबरला होता.

हे बहुतेक लहान मुलांचं होतं, आणि इथे घाई करू नये. "अरे काही होत नाही" म्हणून उचलून पाण्यात बुचकळणारे वडीलधारे सगळ्या किनाऱ्यांवर दिसतात. मुलाच्या अंगाला ती भीती पुढे बराच काळ चिकटून राहते. लाट येते तेव्हा जोराचा आवाज, पायाला एकदम गार स्पर्श, आणि ती परतताना तळव्याखालची वाळू सरकून जाते. नुकतंच घट्ट पावलांनी चालायला शिकलेल्या मुलाला हे तीनही एकदम सोसवत नाही. आम्ही पाण्याकडे पाठ करून ओल्या वाळूत बसलो. ओहोटीने मागे ठेवलेली उथळ डबकी होती, पाणी उन्हाने किंचित कोमट झालेलं. त्यात वाटी बुडवायची आणि ओतायची, एवढाच उद्योग. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून लाटेच्या फेसापर्यंत गेला, तिसऱ्या दिवशी फेसावर पाय आपटू लागला. कुणाला सांगावं लागलं नाही.

लेकीला वेगळाच शोध लागला. ओल्या वाळूवर बाजरीच्या दाण्याएवढ्या, वाटाण्याएवढ्या वाळूच्याच गोळ्या, मधल्या छिद्राभोवती किरणांसारख्या मांडलेल्या. पाहावं तिकडे अशीच नक्षी. नखाएवढे खेकडे ती करतात. पाणी उतरलं की बिळातून बाहेर येतात, वाळूचा घास तोंडाशी नेतात, तिच्यातलं बारीक अन्न चाटून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतात. खाल्लेली वाळू पुन्हा खाल्ली जाऊ नये, म्हणून गोळ्या रांगेने पडत जातात. भरती आली की सगळं पुसलं जातं, बिळाच्या तोंडाशी बूच लावून खेकडे आत बसतात, आणि पुढच्या ओहोटीत पुन्हा पहिल्यापासून. पावलाची चाहूल लागली की क्षणात गडप. एका जागी न हलता बसलं तर थोड्या वेळाने एकेक डोकं वर काढतो. आमची लेक घरी पाच मिनिटं एका जागी बसत नाही. इथे ती उकिडवी बसून श्वास रोखून वाट पाहत होती. लहान मुलांना समुद्रावर नेलं की त्यांना क्षितिज दिसत नाही, सूर्यास्ताचं त्यांना काही नसतं. त्यांची नजर जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असते, आणि तिथे खेकडे, शिंपले, शंख, वाळलेल्या माशाची शेपटी, वाहत आलेलं माडाचं झावळं असं खूप काही असतं. आपणही खाली बसलो तरच ते आपल्याला दिसतं.

पाण्याबद्दल आमचा नियम एकच होता: मुलाच्या गुडघ्याच्या वर पाणी नाही, आणि एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर. "आम्ही सगळे पाहतोय" या भरवशावर कधी राहू नये. सगळे पाहत असतात तेव्हा नेमकं कुणीच पाहत नसतं. आत्ता पाळी कुणाची आहे हे तोंडाने बोलून ठरवावं, आणि ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाइल नको. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वीतभर पाण्यातही ते तोंडावर पडलं तर त्याला उठता येत नाही. आणि बुडणारं मूल ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. ते गप्पच होतं. म्हणून किनाऱ्यावर मुलाचा आवाज थांबला की आधी वळून पाहावं.

उन्हासाठी पूर्ण बाह्यांचे पातळ सुती कपडे, मानेवर येणारी टोपी. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावू नये, त्याला सावलीतच ठेवावं. मोठ्या मुलांना लावावं आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावं. ओआरएसची पाकिटं नागपूरहूनच न्यावीत. कपडे मात्र आपल्या अंदाजाच्या दुप्पट हवेत. इथे अंगणात तासाभरात वाळणारं झबलं तिथल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओलसर लागतं.

वाडीतलं घर

मुरूडमध्ये बरीचशी घरं रस्ता आणि समुद्र यांच्यामधल्या लांबट वाडीत आहेत. पुढे अंगण, पडवी, मागे माड-पोफळी, केळी, जायफळ, आणि वाडीच्या टोकाला किनारा. अनेक घरांत पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. लहान मुलांसाठी असं घर कुठल्याही मोठ्या रिसॉर्टपेक्षा बरं, असं माझं ठाम मत आहे. मुलांना मोकळी जमीन मिळते, मांजर-गाय दिसते, आणि स्वयंपाकघर जवळ असतं.

पण खोली ठरवताना फोनवरच एक प्रश्न विचारावा: विहिरीला कठडा आणि जाळी आहे का? वाडीत विहीर असतेच, बहुधा जुनी, चिऱ्यांची, आणि कठडा कधी गुडघ्याएवढाच असतो. आपल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना विहीर ठाऊकच नसते. आमच्या यजमान काकूंनी आम्ही पोहोचायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, "जाळी घालून ठेवलीय हो, पोरं येणार म्हणून. पण पाटाकडे तुमचं तुम्ही लक्ष ठेवा." शिंपण्याच्या पाटात पाणी सोडलेलं असतं, आणि मुलं तिकडेच धावतात. तसंच माडाखाली चटई टाकून मुलांना खेळायला बसवू नये. वरून नारळ पडतो, झावळंही पडतं. वाडीतली माणसं उभी राहण्याआधी वर पाहतात, ती सवय आपल्याला नसते.

चपला-बूट झटकून घालायचे, हेही तिथलंच शहाणपण. कोकणात लाल विंचू आहे, आणि त्याचा दंश लहान मुलांना मोठ्या माणसांपेक्षा फार घातक ठरतो. एके काळी त्याने कितीतरी मुलं दगावत. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. हिंमतराव बावसकर रायगड जिल्ह्यात, महाडच्या परिसरात काम करत होते. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या दंशावर लागू पडतं हे त्यांनी दाखवलं, त्यांचं संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कुठल्याही कारणाने मूल अचानक किंचाळून रडू लागलं, घामाघूम झालं, हातपाय गार पडले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिकडे निघावं.

जेवणाची काळजी मला सर्वांत जास्त होती आणि तीच सर्वांत आधी मिटली. मऊ भात, मेतकूट, वर घरचं तूप. सकाळी घावन आणि गूळ घातलेला नारळाचा रस. धाकट्याने घरी कधी खाल्लं नसेल इतकं तिथे खाल्लं. सोलकढी मात्र दोघांनी तोंड वाकडं करून परत दिली. पाणी उकळून गार केलेलं मागून घ्यावं, आणि दुपारी शहाळं.

काय पाहावं, काय सोडावं

फार हिंडू नये. दिवसाला एकच ठिकाण, तेही दुपारच्या झोपेनंतर. हर्णै बंदरातला संध्याकाळचा माशांचा लिलाव मुलांना खांद्यावर बसवून दाखवला. होड्यांतून उतरणाऱ्या पाट्या, सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, बोलीचा कोलाहल; लेक घरी आल्यावर कितीतरी दिवस बाहुल्यांचा लिलाव करत होती. सुवर्णदुर्गाला होडीने नेतात, डॉल्फिन दाखवायलाही नेतात. आम्ही गेलो नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट सहसा मिळत नाही, आणि मोठ्याचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते अंगातून निसटतं. मुलं थोडी मोठी झाली तरी किल्ला तिथेच असणार आहे.

आंजर्ल्याला मात्र जरूर जावं, फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढे. हर्णैच्या पुढे खाडीवरचा पूल ओलांडला की आंजर्ले. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या हिवाळ्यात या किनाऱ्यावर अंडी घालून जातात. पूर्वी ती चोरीला जात, कुत्री-कोल्हे उकरून खात. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गावकऱ्यांना आणि वनखात्याला बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली, आणि ते काम पुढे आंजर्ले, गुहागरपर्यंत पसरलं. अंडी कुंपणातल्या वाळूत पुरून ठेवतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात, आणि सकाळी किंवा संध्याकाळी त्यांना पाण्याच्या दिशेने सोडतात. रोज पिल्लं निघतीलच असं नाही, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करावी. दोरीच्या मागे उभं राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. तळहातात मावेल एवढं पिल्लू वाळूवरून वल्ह्यासारखे पाय मारत निघालं, लाटेने मागे फेकलं, पुन्हा निघालं. आमच्या लेकीने त्याला उचलून मदत करायचा हट्ट धरला. त्याचं त्यानेच चालायचं असतं, हे तिला आजीने समजावलं.

ही कासवं फार लांबचा प्रवास करतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली पट्टी लावून सोडलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे ज्या उपसागराला आपल्या नाग नदीचं पाणी मिळतं, तिथून श्रीलंकेला वळसा घालून ती कोकणात आली असावी.

याच वाळूवर लोक मोटारी घालतात याचा मला संताप येतो. मुरूड-कर्द्याची वाळू घट्ट आहे म्हणून गाड्या पळवतात, गोल फिरवतात, चाकांखाली अंड्यांची जागा आहे की मूल बसलंय हे बघत नाहीत. ओल्या वाळूत उकिडवं बसलेलं दोन वर्षांचं मूल चालकाला दिसत नाही. सुट्टीचे दिवस आणि शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी गेलात तर हा त्रास बराच कमी होतो. आणि तुम्ही स्वतः मोटारीने गेला असाल तर ती वाडीतच राहू द्या.

एक शेवटची गोष्ट, जी बोलायला लोक संकोचतात. लहान मुलं म्हणजे डायपर. नागपुरात सकाळी कचरागाडी दाराशी येते, आपण पिशवी टाकली की विषय संपतो. या गावांत तशी सोय पुरेशी नाही. पाहुण्यांनी टाकलेले डायपर वाडीच्या कोपऱ्यात खड्ड्यात पुरले जातात, नाहीतर खाडीत जातात, आणि भरतीबरोबर त्याच वाळूवर परत येतात. मुरूडच्या सुरूच्या बनात मी ते पाहिले आहेत. किनाऱ्यावर असताना कापडी लंगोट वापरा, ओल्या वाळूत डायपर तसाही फुगून मुलाला काचतो. बाकीचे जाड पिशवीत घट्ट बांधून निदान दापोलीपर्यंत तरी परत न्या, आणि तिथल्या कचराकुंडीतच टाका.